समुद्रातून आलेला घोडा

हा धागा एका साध्या प्रश्नातून जन्मला. मागच्या उन्हाळ्यात माझी एक वर्गमैत्रीण आइसलँडला सहा दिवसांच्या अश्वसहलीला गेली होती. तिने पाठवलेल्या छायाचित्रांत लाव्ह्याचे काळे माळ होते, मागे बर्फाची पांढरी रेघ होती आणि मधून धावणारा सत्तर-ऐंशी मोकळ्या घोड्यांचा कळप होता. खाली तिने लिहिले होते, "तुमच्या मालवणात एवढा किल्ला आहे, एवढा इतिहास आहे. मग घोडे कुठे आहेत?"

मी उत्तर दिले नाही, कारण माझ्याकडे ते नव्हते. मी मालवणचा. पडाव, होडी, रापण हे शब्द मला लहानपणापासून ठाऊक आहेत. खोगीर मात्र मी प्रथम पाहिले ते शाळेच्या सहलीत, माथेरानला.

पुढे अभ्यासासाठी मध्ययुगीन व्यापाराची प्रवासवर्णने वाचू लागलो आणि एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. दख्खनच्या इतिहासात ज्या घोड्यांच्या टापा आपण ऐकतो, त्यांतल्या असंख्य घोड्यांनी भारतातले पहिले पाऊल आमच्याच किनाऱ्यावर टाकले होते. घोडा इथे शतकानुशतके उतरत राहिला आणि इथे कधीच राहिला नाही. हा धागा त्या उतरण्याविषयी आणि त्या न राहण्याविषयी आहे.

आधी उत्तरेकडे जाऊ, म्हणजे तुलना नीट करता येईल.

आइसलँडमध्ये माणसाने वस्ती केली ती नवव्या शतकाच्या उत्तरार्धात. वसाहत करणाऱ्यांनी नौकांतून आपले घोडे सोबत नेले. पुढे इ.स. ९८२ च्या सुमारास तिथल्या लोकसभेने बाहेरचा घोडा आणण्यास बंदी घातली, असे परंपरा सांगते. आजही तो नियम कडकपणे पाळला जातो. बाहेरचा घोडा आत येत नाही आणि देशाबाहेर गेलेला आइसलँडी घोडा परत येऊ शकत नाही. रोगाच्या भीतीने वापरलेले खोगीर किंवा लगामसुद्धा पर्यटकाला सोबत नेता येत नाही. हजार वर्षे एकाच बेटावर, त्याच थंडीत आणि त्याच माणसांबरोबर राहून हा लहानखुरा, दाट आयाळीचा प्राणी घडला. त्याची 'टोल्ट' नावाची एक खास चाल आहे. आपल्या जुन्या अश्वपरिभाषेतील 'रहवाल' चालीची ती बहीण म्हणता येईल. पाठीवरचा स्वार हिंदकळत नाही, म्हणून मैलोन्‌मैल जाता येते.

हे घोडे सुट्टीसाठी घडलेले नाहीत. शतकानुशतके तिथे गाडीरस्ते नव्हते. डॉक्टर, टपाल, नवरी, शवपेटी, सारे घोड्यावरून जाई. शरद ऋतूत डोंगरावर चरायला सोडलेली मेंढरे हाकून आणायची तीही घोड्यावरूनच. आज पैसे मोजून पर्यटक ज्यात सामील होतात तो मेंढरांचा परतीचा हाका म्हणजे मुळात शेतकऱ्याचे वार्षिक काम आहे. मोकळा कळप सोबत धावतो त्यालाही कारण आहे. दमलेला घोडा बदलून ताजा घ्यायचा, ही लांबच्या प्रवासाची जुनी रीत.

मग त्याची 'सहल' केव्हा झाली? इथे आपल्या ओळखीचा एक माणूस भेटतो. १८५६ च्या उन्हाळ्यात 'फोम' नावाची शिडाची नौका घेऊन एक तरुण ब्रिटिश उमराव आइसलँडला पोहोचला. तट्टांवर सामान लादून थिंगवेल्लिर आणि गेसिरचे उष्ण फवारे पाहायला गेला आणि परत येऊन पुढच्याच वर्षी त्याने त्या प्रवासाचे खुसखुशीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव लॉर्ड डफरिन. होय, तोच. १८८४ ते १८८८ भारताचा व्हाइसरॉय असलेला, ज्याच्या कारकिर्दीत काँग्रेसची स्थापना झाली तो. त्याच्यामागून १८७१ आणि १८७३ मध्ये कवी-कारागीर विल्यम मॉरिस तिथे घोड्यावरून हिंडला. कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या देशातून आलेल्या या माणसांना निर्जनता हीच मोठी चैन वाटत होती.

गंमत अशी की त्याच दशकांत आइसलँडची हजारो तट्टे जहाजांत भरून ब्रिटनला जात होती, कोळशाच्या खाणींत गाडे ओढायला. उमराव त्यांच्यावर बसून उजेड पाहायला उत्तरेस जात होते आणि त्यांचीच भावंडे दक्षिणेस अंधारात उतरत होती.

तर, उत्तरेतला हा घोडा घरचा आहे. आता आपला किनारा पाहू.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याविषयी एक नोंद करतो. ठाण्याच्या राजाने समुद्री चाच्यांशी करार केला होता. लुटीतला बाकी सगळा माल चाच्यांचा. घोडे मात्र राजाचे. कारण पोलोच ओघात सांगून जातो. राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते आणि भारताकडे येणारे असे एकही जहाज नव्हते ज्यात इतर मालासोबत घोडे नसत.

ही नोंद वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून ठेवले होते. उत्तर कोकणच्या एका राजाला सोने नको, कापड नको, मसाले नकोत, घोडे हवेत. आणि ते मिळवायला चोरांशी भागीदारी करायचीही तयारी आहे! घोडा म्हणजे त्या काळचे युद्धसामर्थ्य. ज्याच्याकडे घोडदळ नाही त्याचे राज्य शेजाऱ्याच्या मर्जीवर चाले.

मागणी संपत का नसे, याचेही उत्तर पोलो देतो. मात्र ते कोरोमंडलच्या पांड्य राज्याविषयी आहे. तिथे वर्षाला हजारो घोडे विकत घेतले जात आणि वर्षअखेर त्यांतले मूठभर उरत. उत्तम घोडा-घोडीच्या पोटी वाकड्या पायांचे शिंगरू निपजे, असे तो म्हणतो. नालबंद नव्हते, घोड्यांचे व्यापारीच त्यांना तिकडे जाऊ देत नसत, कारण घोडे लवकर मेले की नवे विकता येत. पोलोचे आकडे जपूनच घ्यावेत, अतिशयोक्तीचा त्याला सराव होता. पण यातली मूळ गोष्ट खरी मानायला हरकत नाही. घोडा मरत होता तो बऱ्याच अंशी निगेच्या अज्ञानाने. आणि ते अज्ञान कुणाच्या तरी फायद्याचे होते.

हे घोडे जहाजातून उतरत कसे? इब्न बतूताने चौदाव्या शतकात, १३४३ च्या आसपास, होनावरच्या सुलतानाबरोबर सांदापूरवरच्या, म्हणजे गोव्यावरच्या स्वारीत भाग घेतला. बावन्न जहाजांच्या त्या ताफ्यात 'तरीदा' प्रकारची दोन जहाजे होती. त्यांची मागची बाजू उघडी होती. स्वार आतच चिलखत चढवी, आतच रिकिबीत पाय घाली आणि थेट घोड्यावरून बाहेर पडे. सिंधुदुर्गाच्या दक्षिण सीमेपासून काही कोसांवर, पावणेसातशे वर्षांपूर्वी, समुद्रातून घोडदळ बाहेर येत होते. आपल्याकडच्या चित्रकारांनी हे दृश्य अजून का रंगवले नाही, याचे मला नवल वाटते.

आता या धाग्याचा नायक.

उत्तरेच्या अरण्यातून घोडा घेऊन कोकणात आलेला एक माणूस होता. मैत्रीण आमच्याकडून तिकडे गेली. तो साडेपाचशे वर्षांपूर्वी तिकडून इकडे आला. अफनासी निकितिन, व्होल्गाकाठच्या त्वेर गावचा व्यापारी. मालाची नौका घेऊन तो व्होल्गेतून खाली निघाला. वाटेत आस्त्राखानजवळ तातारांनी लुटले. रिकाम्या हाताने घरी जाणे म्हणजे कर्जबाजारी होऊन जाणे, म्हणून तो पुढेच सरकत राहिला. दरबंद, बाकू, इराण, अखेर होर्मुझ. हिंदुस्थानात घोडे होत नाहीत आणि तिथे त्यांना मोठी किंमत येते, हे कानी आल्यावर त्याने जवळची सगळी पुंजी घालून एक घोडा घेतला आणि त्याच्यासह जहाजात चढला.

सुमारे सहा आठवड्यांच्या समुद्रप्रवासानंतर, इ.स. १४७० च्या आगेमागे, तो चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचायला अजून पाव शतकाहून अधिक काळ होता. चौलचे लोक या गोऱ्या माणसाच्या मागे घोळक्याने फिरत, असे तो लिहितो. चौलहून पाली, पालीहून डोंगर, डोंगर चढून जुन्नर. हा प्रवास काही आठवड्यांचा. घाटाखालून घाटावर जाणाऱ्या या वाटा आपण आज पर्यटनासाठी तुडवतो. त्या काळी त्यांवरून दख्खनच्या सैन्याचा कणा एकेका दावणीने वर चढत होता.

जुन्नरला पावसाळा लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, अशी नोंद तो करतो. रशियाचा हिवाळा सोसलेला हा गडी आपल्या पावसापुढे हबकला, हे वाचून कोकण्यास थोडे बरे वाटते! एका खडकावर वसलेल्या, एकट्यादुकट्यानेच चढता येईल अशा अरुंद वाटेच्या ठिकाणाचे तो वर्णन करतो. ते शिवनेरीला चपखल बसते.

याच पावसाळ्यात त्याच्या घोड्यावर गदा आली. जुन्नरचा सुभेदार असदखान याने घोडा जप्त केला. हा परदेशी मुसलमान नाही असे कळल्यावर त्याने अट घातली: धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार सुवर्णनाणी; नाही तर घोडाही गेला आणि तेवढाच दंडही. मुदत चार दिवसांची. खानाकडे हत्ती-घोडे पुष्कळ होते, तरी तो स्वतः माणसांच्या खांद्यांवरून फिरे, असेही निकितिन नोंदवतो. एवढे असून एका फाटक्या परदेशी व्यापाऱ्याचा एक घोडा त्याला हवाच होता. अखेर खुरासानच्या एका ख्वाजा महंमदाने रदबदली केली आणि घोडा सुटला.

सुटला खरा, पण निकितिनचे नशीब फळले नाही. घोडा पोसायला खर्च किती! आपल्याकडे घोड्यांना हरभरे घालतात, तूप-साखर घालून खिचडी शिजवून देतात, हे तो अचंब्याने लिहितो. ज्या प्राण्याला मायदेशी गवतावर सोडून देता येते, त्याला इथे माणसापेक्षा महाग जेवण लागत होते. महिनोन्‌महिने सांभाळून त्याने अखेर तो बीदरला विकला. बहमनी राज्यातल्या आळंदच्या जत्रेत वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात, असेही त्याने लिहून ठेवले आहे. आज सारंगखेड्याचा दत्तजयंतीचा घोडेबाजार पाहणाऱ्यांना त्या जत्रेची थोडी कल्पना करता येईल.

परतीसाठी तो दाभोळला आला. दाभोळ हे मोठे बंदर आहे, मिसर, अरबस्तान, खुरासान, तुर्कस्तान इथले घोडे इथे येतात, अशी त्याची नोंद आहे. दाभोळ हे नाव ध्यानात ठेवा. आपल्याला तिथे पुन्हा यायचे आहे. निकितिन मात्र घरी पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे वाटेतच वारला. मागे राहिली ती त्याची वही. १९५७ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी सोव्हिएत सहकार्याने त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपट काढला. नर्गिस आणि बलराज साहनी त्यात होते. रेवदंड्यात त्याचा स्मृतिस्तंभही उभा आहे. अलिबागला जाणाऱ्यांपैकी किती जण तिथे थांबतात, कुणास ठाऊक.

इथून पोर्तुगीजांकडे वळतो, पण त्यांच्यावर फार रेंगाळणार नाही. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर होर्मुझहून येणारा घोडा गोव्यातच उतरला पाहिजे, हे त्यांचे धोरण झाले. विजयनगर आणि आदिलशाही दोघांनाही घोडे हवे होते, आणि नळ पोर्तुगीजांच्या हाती होता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेला व्हेनिसचा व्यापारी चेझारे फेदेरिची सांगतो की जे जहाज वीस घोडे आणी त्याच्या बाकीच्या मालाला जकात माफ असे. वसुली होई ती घोडा गोव्याबाहेर पडताना, दर घोड्यामागे बेचाळीस नाणी.

पण सर्वांत बोलकी नोंद फर्नांव नुनिझची आहे. हा स्वतः घोड्यांचा व्यापारी आणि १५३५ च्या सुमारास विजयनगरात राहिलेला. आधीच्या शतकातल्या साळुव नरसिंह राजाविषयी तो सांगतो की राजा घोडे जिवंत वा मेलेले, दोन्ही विकत घेई. समुद्रात मेलेल्या घोड्याचे फक्त शेपूट आणून दाखवायचे, की जिवंत घोड्याइतकीच किंमत हाती पडे.

क्षणभर ते शेपूट डोळ्यांसमोर आणा. कुठल्याशा जहाजाच्या तळात, उकाड्यात, पाण्यावाचून एक अरबी घोडा मेला. त्याचे धड अरबी समुद्रात गेले आणि शेपूट घाट चढून हंपीला गेले. त्या राज्याची गरज किती निकडीची होती आणि हा मार्ग किती जीवघेणा होता, हे आकडेवारीच्या दहा तक्त्यांपेक्षा ही एक नोंद अधिक सांगते.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येऊ. इतके घोडे उतरले, मग इथे का राहिले नाहीत?

कोकणात वाढलेल्या कुणालाही याचे अर्धे उत्तर पायांनीच ठाऊक असते. सततच्या ओलीत घोड्याचे खूर कुजतात. भाताच्या पेंढ्यावर घोडा तग धरू शकतो, लढू शकत नाही. त्याला चंदी हवी, आणि हरभरा पिकतो घाटावर. जांभ्याचा कातळ, मळ्यांचे बांध, दर दोन कोसांवर आडवी खाडी. या भूगोलात होडी आणि बैल ही शहाणपणाची वाहने होती. घाटातून माल चढे तोही बहुतांश बैलांच्या पाठीवरून. घोड्याला माळ हवा, कोरडी हवा हवी. म्हणून देशावर भीमा-नीरेच्या खोऱ्यात भीमथडी तट्टू घडले, ज्याची स्वतंत्र जात म्हणून अलीकडे नोंदही झाली आहे. आमच्याकडे घोडा फक्त पाहुणा.

उरलेले अर्धे उत्तर एका पत्रात आहे. माझ्या मते मराठी घोडदळाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा कागद तोच, आणि त्यात एकही लढाई नाही.

शिवराज्याभिषेकाच्या सुमाराचे हे पत्र. महाराजांच्या पागेची काही पथके पावसाळ्यासाठी चिपळूण भागात छावणी करून होती. म्हणजे घोड्यांना सर्वांत प्रतिकूल अशा प्रदेशात, सर्वांत प्रतिकूल ऋतूत. पत्र तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना उद्देशून आहे. दाभोळ सुभ्यातला साठा (तेच दाभोळ!) लष्करासाठी आधीच खर्ची पडला होता, गडागडांवरून दाणागोटा आणि वैरण जमवून छावणीची तजवीज केली होती.

यानंतर महाराज जे सांगतात ते मुळातून वाचावे असे आहे. मी फक्त आशय देतो. मिळालेली वैरण आणि दाणा रोजच्या हिशेबाने पुरवून वापरा. आत्ता आहे म्हणून मनमानी उधळाल तर भर पावसात काही उरणार नाही, तुम्ही उपाशी राहाल, घोडी मरू लागतील; आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही गावात शिराल. कुणी कुणब्याचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजी. जीव धरून राहिलेली रयत गाव सोडून जाईल आणि तिला वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे.

आणि मग आगीचा मजकूर. घरे गवताची, शेजारी वैरणीच्या गंज्या. कुणी निष्काळजीपणे चूल पेटवील, कुणी वारा न पाहता चिलीम ओढील. रात्री दिवा तसाच ठेवाल तर उंदीर जळती वात ओढून नेईल. एक खोप पेटली की सारी जळतील, गवत जळाले की घोडी वाचणार नाहीत. मग कुणाला कितीही शिक्षा केली तरी एक खोपही पुन्हा उभी राहणार नाही.

उंदराने ओढून नेलेली वात! राज्याभिषेकाच्या धामधुमीच्या आगेमागे एक राजा या पातळीवर विचार करतो आहे. आपण शिवकाळ म्हटला की डोळ्यांपुढे पुढचे पाय उचललेला घोडा आणि उपसलेली तलवार आणतो. या पत्रातला घोडा पावसात दावणीला उभा आहे, त्याला जुलैत वैरण मिळेल की नाही याचा हिशेब मे महिन्यात चालला आहे, आणि त्या घोड्यासाठी कुणब्याच्या भाजीला हात लागू नये याची चिंता वाहिली जात आहे.

सभासद बखरीतली एक नोंद याला जोडून वाचावी. पागेची रचना सांगताना सभासद पंचवीस बारगिरांवर एक हवालदार सांगतो, आणि त्या पंचविसांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल ठोकणारा. मार्को पोलोने दक्षिणेत ज्याची अनुपस्थिती नोंदवली होती तो नालबंद इथे सैन्याच्या कायम रचनेत बसला आहे. मधल्या चार शतकांत दख्खनने घोडा विकत घेण्याच्या पुढे जाऊन तो जगवायला शिकण्यापर्यंत मजल मारली, असे मी म्हणेन. ते ज्ञान कुणा एका राजाचे नव्हते. बहमनी, आदिलशाही आणि निजामशाही पागांमध्ये खरारा करणाऱ्या, तोबरा बांधणाऱ्या, रात्री उठून घोड्याचे पोट फुगले का पाहणाऱ्या पिढ्यांचे ते होते. त्यांची नावे बखरीत नाहीत.

भाषेत मात्र त्यांचा ठसा उमटला. खोगीरभरती, तोबरा भरणे, लगाम घालणे, घोडे पेंड खाणे, वरातीमागून घोडे: घरात कधी घोडा न पाहिलेली मालवणची माणसेही हे रोज बोलतात. खोगीरभरती म्हणजे खोगिरात कोंबायचा चिंध्या-गवताचा भराव, हे मला पदव्युत्तर वर्गात येईपर्यंत माहीत नव्हते.

सिंधुदुर्गात येणारे पाहुणे मला कधी कधी विचारतात, इथे महाराजांचा अश्वारूढ पुतळा का नाही? २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला गेला. पुढच्याच फेब्रुवारीत महाराज स्वतः आरमार घेऊन याच किनाऱ्यावरून दक्षिणेस बसरूरच्या स्वारीवर गेले. त्या वेळी त्यांचे वाहन गलबत होते. किल्ल्यातल्या शिवराजेश्वराच्या देवळातली मूर्ती राजाराम महाराजांच्या काळातली मानतात. ती बसलेली आहे, नेहमीच्या जिरेटोपाऐवजी तिच्या डोक्याला वेगळेच शिरस्त्राण आहे, चेहऱ्यावर दाढी नाही. किनाऱ्याने आपला राजा आपल्यासारखा पाहिला. मला ती मूर्ती फार आवडते.

माथेरानचे सांगायचे राहिले. १८५० मध्ये ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट हा डोंगर चढला आणि त्यानंतर मुंबईच्या साहेबांसाठी तिथे थंड हवेचे ठिकाण वसले. डफरिनच्या आइसलँड सहलीच्या सहाच वर्षे आधीची ही गोष्ट. निसर्गात घोड्यावरून रमण्याची हौस दोन्हीकडे एकाच काळातली, एकाच वर्गाची. फरक एवढाच की तिकडे घोडा आणि वाटाड्या त्या भूमीत मुरलेले होते, इकडे साहेबाच्या सुट्टीसाठी घोडेही डोंगरावर आणले गेले आणि त्यांना सांभाळणारी माणसेही. गावात मोटारींना बंदी असल्यामुळे ती सोय टिकली, आणि आज त्यावर अनेक घरांच्या चुली पेटतात.

माझ्या त्या शालेय सहलीत मी वीस मिनिटे घोड्यावर बसलो असेन. लाल मातीची वाट होती. माझे सगळे लक्ष वर बसून छायाचित्रात ऐटबाज कसे दिसावे याकडे होते. लगाम धरून शेजारून चालणाऱ्या काकांनी मधेच घोडा थांबवला, वाकून त्याचा पुढचा पाय उचलला, खुरात अडकलेला खडा बोटाने काढला आणि काही न बोलता पुन्हा चालू लागले. तेव्हा मला त्या थांबण्याचा कंटाळा आला होता. चिपळूणच्या छावणीचे पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा ते काका आठवले.

मैत्रिणीला हे सगळे लिहून पाठवले. तिचे उत्तर आले, की आइसलँडमध्ये पहिल्या दिवशी तिला खोगिरावर बसूच दिले नव्हते. आधी दोन तास खरारा, मग खूर साफ करणे, मग बसणे.

घोडे कुठे आहेत, याचे एक उत्तर अजून तिला दिलेले नाही. ते शिगम्यात प्रत्यक्षच दाखवणार आहे. आमच्या दोडामार्गाला लागून असलेल्या गोव्याच्या सत्तरी-डिचोली भागात तेव्हा घोडेमोडणी निघते. ढोल-ताशांच्या गजरात नर्तक कमरेला घोड्याचे लाकडी मुखवटे आणि सजवलेले धड बांधतात, एका हातात लगाम, दुसऱ्यात तलवार. तिथल्या राण्यांच्या पराक्रमाशी लोक या नाचाचा संबंध जोडतात. वरून फुलांनी मढलेला घोडा दौडत येतो, आणि खाली तांबड्या मातीत थिरकत असतात त्या कुणब्याच्या पोराचे अनवाणी पाय.